आमची तसवीर कोण मांडतो?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. शिंदखेडा तालुक्यात शाळांचे विज्ञान प्रदर्शन भरले होते. आमच्या उर्दू माध्यमाच्या शाळेतील आठवीच्या एका मुलीने त्यात मिरची वाळवण्याची पेटी मांडली होती. तिचे वडील दोंडाईच्याच्या मिरची बाजारात हमाली करतात. उघड्यावर पसरलेली मिरची अवकाळी पावसाने भिजली, काळी पडली की व्यापाऱ्यापासून हमालापर्यंत सगळ्यांचे तोंड कसे उतरते, हे तिने घरात पाहिलेले होते. तिने एक लाकडी खोका घेतला, आतून काळा रंगवला, वर तिरकी काच बसवली, हवा खेळावी म्हणून खाली आणि वर भोके पाडली. दोन दिवस तिने बाहेरची मिरची आणि पेटीतली मिरची सारखी तोलून ठेवली आणि वजन किती उतरते याचा तक्ता खोक्याशेजारी लावला. उर्दूत आणि मराठीत, दोन्ही भाषांत. मराठीतला तक्ता लिहिताना ऱ्हस्व-दीर्घाच्या तीन चुका झाल्या होत्या, त्या आम्ही आदल्या रात्री दुरुस्त करून दिल्या.

दुपारी एका वर्तमानपत्राचा छायाचित्रकार आला. त्याने पेटीकडे पाहिले, मग मुलींकडे पाहिले आणि म्हणाला, "स्कार्फवाल्या मुली जरा पुढे या." चार मुली पुढे आल्या. दोघींचा त्या पेटीशी काही संबंध नव्हता. त्या शेजारच्या टेबलावरच्या होत्या. दुसऱ्या दिवशी फोटो छापून आला. चार स्कार्फ, चार हसरे चेहरे आणि डाव्या कडेला काचेचा एक कोपरा. खाली ओळ होती की विज्ञान प्रदर्शनात मुस्लिम मुलीही मागे नाहीत. पेटी कापली गेली होती. तक्ता कापला गेला होता. मुलीचे नाव कुठेच नव्हते.

वाचकहो, त्या 'मुलीही' मधला 'ही' आम्हाला अजून टोचतो. छायाचित्रकाराच्या मनात वाईट काही नव्हते, हे आम्ही मान्य करतो. त्याला आमचे कौतुकच करायचे होते. पण त्या कौतुकात गोष्ट बदलून गेली. मुलीची गोष्ट मिरचीची होती, पावसाची होती, बापाच्या मजुरीची होती. छापून आलेली गोष्ट कपड्याची होती. फोटोत एकही गोष्ट खोटी नव्हती. मुली खऱ्या, स्कार्फ खरे, प्रदर्शन खरे. तरीही फोटोने जे सांगितले ते तिथे घडलेच नव्हते.

'फोटो कधी खोटे बोलत नाही' असे आपण सहज म्हणतो. हे वाक्य जितक्या लवकर आपल्या मुलांच्या डोक्यातून जाईल तितके बरे. आणि ते घालवण्यासाठी खान्देशच्या मुलांना फार लांब जावे लागत नाही. चाळीसगावपर्यंत गेले तरी पुरते.

चाळीसगावात रेल्वे स्टेशनजवळ कलामहर्षी कैकी मूस यांचे घर आहे. तिथे आज त्यांच्या कलेचे संग्रहालय आहे. १९१२ साली मुंबईत जन्मलेला हा पारशी माणूस इंग्लंडला जाऊन व्यावसायिक चित्रकला शिकला, छायाचित्रण शिकला, आणि मुंबई सोडून चाळीसगावात येऊन बसला. १९८९ च्या डिसेंबरच्या अखेरच्या दिवशी त्यांचे निधन झाले. मधल्या पन्नासएक वर्षांत ते घराबाहेर क्वचितच पडले. घरात बसून त्यांनी जी छायाचित्रे केली, त्यांतल्या एका प्रकाराला 'टेबलटॉप' म्हणतात. टेबलावर छोट्या छोट्या वस्तू मांडायच्या आणि त्यांतून एक संपूर्ण दृश्य उभे करायचे. पाहणाऱ्याला वाटावे की छायाचित्रकार फार दूर कुठेतरी गेला असणार. तो तर टेबलाशेजारच्या खुर्चीवरून उठलेलाही नसतो.

आम्ही आमच्या वर्गाला तिथे घेऊन गेलो. एसटीने धुळे, तिथून रेल्वेने चाळीसगाव. मुले डब्यात आपसांत अहिराणी बोलत होती, आमच्याशी उर्दू आणि टीसीशी मराठी. संग्रहालयात एका चित्रासमोर एक मुलगा बराच वेळ उभा राहिला. हे सगळे टेबलावर मांडलेले आहे असे सांगितल्यावर तो चिडलाच. "मतलब ये झूठ है?" आम्ही त्याला सांगितले, बेटा, झूठ नाही, ही मांडणी आहे. मूससाहेबांनी मांडणी केली आणि ती केली असे उघड सांगितले. झूठ तेव्हा होते, जेव्हा मांडणारा मांडतो आणि 'मी काही मांडले नाही, जे होते ते टिपले' असे म्हणतो.

शाळेत परत आल्यावर आम्ही हा प्रयोग वर्गात केला. करायला अगदी सोपा आहे. टेबलावर माती आणि काही काड्या ठेवा. कॅमेरा टेबलाच्या पातळीला आणा, वरून पाहू नका. उजेड एकाच बाजूने येऊ द्या, म्हणजे सावल्या लांब पडतील. ज्याचा आकार सगळ्यांना ठाऊक आहे असे काही चौकटीत येऊ देऊ नका. आगपेटी दिसली की भांडे फुटले! ज्या कॅमेऱ्यात भिंगाचे छिद्र लहान करता येते त्यात ते लहान करा, म्हणजे जवळचे आणि लांबचे दोन्ही स्पष्ट येते. मात्र उजेड कमी आत जातो, म्हणून कॅमेरा हलू न देता जास्त वेळ उघडा ठेवावा लागतो. एवढे केले की काडीचे झाड होते आणि ढेकळाचा डोंगर. आमच्या मुलांनी साध्या मोबाईलवर सातपुडा केला. एकाने तर त्यावर पिठाचा बर्फही पाडला. सातपुड्यावर बर्फ! पण त्या दिवसापासून ती मुले वर्तमानपत्रातला फोटो पाहून पहिला प्रश्न विचारतात, 'चौकटीच्या बाहेर काय होते?' आमच्या मते हा प्रश्न विचारता येणे ही तालीम आहे. बाकी नुसते पाठांतर.

आता चित्रात गोष्ट येते कशी, याचा थोडा विचार करू. जळगावहून अजिंठा जवळ आहे. तिथल्या सतराव्या लेण्यात विश्वंतर जातकाची कथा भिंतीवर रंगवली आहे. सर्वस्व दान करणारा तो राजपुत्र एकाच भिंतीवर पुन्हा पुन्हा दिसतो. महालात दिसतो, निरोप घेताना दिसतो, रथात दिसतो. चित्रकाराने एकाच माणसाला अनेक प्रसंगांत दाखवले, म्हणून त्या माणसाची गोष्ट झाली. आता आपल्या घराकडे या. अकबर बादशहाने अमीर हमजाच्या दास्तानीची चित्रे करवून घेतली, तो हमजानामा. साधारण १५६२ ते १५७७ अशी पंधरा वर्षे काम चालले. आधी मीर सय्यद अली आणि मग अब्दुस्समद यांच्या देखरेखीखाली सुमारे चौदाशे चित्रे झाली. त्यांतली आज फार थोडी उरली आहेत आणि तीही जगभर विखुरलेली. ही चित्रे कापडावर आहेत, चांगली मोठी आहेत आणि त्यांच्या पाठीवर मजकूर आहे. म्हणजे चित्राची एक बाजू पाहायची आणि दुसरी वाचून दाखवायची. चित्र आणि कथन एकमेकांच्या पाठीला पाठ लावून होते.

छायाचित्राला ही सोय नाही. त्याच्या हातात एकच क्षण असतो. त्याच्या आधी काय घडले, नंतर काय घडले, हे ते सांगू शकत नाही. ते काम खालची ओळ करते, शेजारचा दुसरा फोटो करतो आणि ते दोन्ही नसतील तर पाहणाऱ्याच्या डोक्यात आधीपासून बसलेली समजूत करते. इथेच सगळा घोटाळा होतो. ज्या समाजाविषयी डोक्यात समजूत आधीच पक्की आहे, त्या समाजाच्या फोटोला गोष्ट सांगावीच लागत नाही. पाहणारा ती स्वतः सांगून मोकळा होतो.

जगात सर्वांत जास्त पाहिल्या गेलेल्या छायाचित्रांपैकी एक घ्या. हिरव्या डोळ्यांची अफगाण मुलगी. स्टीव्ह मॅककरी या अमेरिकन छायाचित्रकाराने १९८४ साली पेशावरजवळच्या निर्वासितांच्या छावणीत ते टिपले. १९८५ च्या जूनमध्ये ते नॅशनल जिओग्राफिकच्या मुखपृष्ठावर आले आणि घराघरांत गेले. ती मुलगी तेव्हा छावणीतल्या तंबूच्या शाळेत होती. आम्हा शिक्षकांना हे विसरता येत नाही. ती वर्गात होती! पण छायाचित्रात ना पाटी आहे, ना बाक, ना शेजारची मैत्रीण. नुसते डोळे. तिचे नाव शरबत गुला आहे, हे जगाला २००२ साली कळले. म्हणजे सतरा वर्षे साऱ्या जगाने तिचे डोळे पाहिले आणि नाव ठाऊक नसल्याने कुणाचे काही अडले नाही. आमच्या मिरचीवाल्या मुलीचे नाव दुसऱ्या दिवशीच्या अंकात नव्हते, याचे मग काय नवल?

जरा जवळचे बोलू. ८ सप्टेंबर २००६ रोजी, शब-ए-बरातच्या दिवशी मालेगावात बॉम्बस्फोट झाले. आम्ही तेव्हा स्वतः शाळेत शिकत होतो. कब्रस्तानाबाहेर विखुरलेल्या चपलांचे फोटो आम्हाला आजही आठवतात. मग आमच्याच समाजाचे नऊ जण पकडले गेले, त्यांच्या बातम्या आल्या. २०१६ साली विशेष न्यायालयाने त्या खटल्यातून त्यांना दोषमुक्त केले. त्यांतला एक तोवर हयातही नव्हता. अटकेच्या दिवसांतले फोटो आमच्या डोळ्यांपुढे अजून उभे राहतात. सुटकेचा एकही फोटो आम्हाला आठवत नाही. तुम्हाला आठवतो का? दहा वर्षांची गोष्ट होती. तिचे पहिले पान सगळ्यांनी पाहिले आणि शेवटचे पान लक्षात कुणाच्याच राहिले नाही.

याच मालेगावची दुसरीही एक तसवीर आहे आणि ती मालेगावकरांनी स्वतः काढलेली आहे. व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या शेख नासिर यांनी २००० साली हौशी मंडळी जमवून 'मालेगाव के शोले' केला. साधा व्हिडिओ कॅमेरा, गावातलेच नट, गावातलीच भाषा. पुढे त्यांनी सुपरमॅनही मालेगावात आणला आणि यंत्रमागावर काम करणाऱ्या शफीक शेख या हडकुळ्या तरुणाला तो पोशाख चढवला. फैजा अहमद खान यांनी या खटाटोपावर केलेला 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट जगभर पाहिला गेला. शफीक २०११ मध्ये कॅन्सरने गेला. मुंबईच्या सिनेमावाल्यांनाही त्या मंडळींची गोष्ट अखेर घ्यावीशी वाटली आणि २०२५ मध्ये ती पडद्यावर आली. यंत्रमागाच्या खडखडाटात राहणाऱ्या माणसांनी परवानगीची, अनुदानाची, कुणाच्या सहानुभूतीची वाट पाहिली नाही. स्वतःवर हसण्याचा हक्क त्यांनी स्वतः घेतला. स्फोटांच्या फोटोंतून बाहेरच्या जगाला मालेगावची भीती वाटली असेल; शफीकला पाहून मात्र त्या गावात माणसे राहतात हे पटले.

इथपर्यंत आमचे बोलणे वाचकांना आवडले असेल. वर्तमानपत्रांना बोल लावला की आपल्याकडे माना डोलतात. आता जे सांगायचे आहे ते तितके आवडणार नाही.

फोटो छापून आला त्या दिवशी त्या मुलीचे वडील शाळेत आले. त्यांनी विचारले, "हमारी बच्ची का फोटो किसकी इजाजत से छपा?" प्रश्न रास्त होता. आमच्याकडे उत्तर नव्हते. त्यांचा राग उतरल्यावर आम्ही त्यांना पेटीविषयी सांगितले. त्यांनी ती पाहिली नव्हती, ते बाजारात होते. ते म्हणाले, "उस पेटी का फोटो तो होगा ना?" नव्हता. आमच्या शाळेने तो काढलाच नव्हता. त्याआधी एका स्नेहसंमेलनाच्या फोटोंवरून व्यवस्थापनातल्या वडीलधाऱ्यांत कुरबुर झाली होती आणि शाळेत तसवीर नकोच, असे ठरले होते. पेटी त्या पावसाळ्यात व्हरांड्यात भिजली, काच फुटली आणि लाकूड कुणीतरी चुलीला नेले. म्हणजे त्या कामाचा जगातला एकमेव पुरावा उरला तो वर्तमानपत्राच्या डाव्या कडेचा काचेचा कोपरा. मग पेटी कापली कुणी? निम्मी त्या छायाचित्रकाराने कापली. निम्मी आम्ही कापली.

हाजीसाहेब आम्हाला म्हणाले होते, "बेटा, तसवीर हमारे यहाँ मना है." त्यांच्याविषयी आम्हाला आदर आहे. जिवंत प्राण्यांची चित्रे करण्याविषयी हदीसमध्ये कडक इशारे आहेत, हे आम्ही नाकारत नाही. मशिदीच्या भिंतीवर माणसाचे चित्र असावे असे आम्ही कधी म्हणणार नाही. पण इस्लामचा इतिहास एवढ्यावर संपत नाही. बगदादचा पाडाव होण्याच्या आधी, १२३७ साली, यह्या अल-वासितीने हरीरीच्या मकामातची एक प्रत चित्रांनी भरून टाकली. त्यात ग्रंथालयात बसलेले लोक आहेत, उंटांचा कळप आहे, गाव आहे. अबुल फज्लने आईन-ए-अकबरीत बादशहाचे मत नोंदवून ठेवले आहे, की चित्रकार प्राण्याचे अवयव रेखाटतो पण त्यात जीव घालू शकत नाही, तेव्हा त्याला जीव देणाऱ्याची आठवण अधिकच होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इजिप्तचे मुफ्ती मुहम्मद अब्दुह यांनी ज्ञानासाठी आणि आठवण जपण्यासाठी केलेल्या चित्रांच्या बाजूने लिहिले. आजही उलेमांमध्ये छायाचित्राविषयी एकमत नाही. मतभेद आहे, तर तो मोकळेपणाने मांडू. मतभेदाआड लपणे मात्र बरे नव्हे.

आणि लपणेच चालले आहे. हजच्या अर्जाला फोटो लागतो, तो आपण देतो. आधार कार्डाला देतो, रेशनला देतो, मतदार यादीला देतो. लग्नात व्हिडिओवाला स्टेजवर चढलेला असतो. प्रत्येकाच्या खिशात कॅमेऱ्याचा मोबाईल आहे. म्हणजे सरकारने मागितली तर तसवीर जायज, नवरदेवाने मागितली तर जायज, आणि शाळेतल्या मुलीने आपल्या कामाची मागितली तर मना! हा कुठला इन्साफ? त्यातही मुलाने क्रिकेटची ढाल उचलली की फोटो निघतो. मुलीने काही केले की आपल्याला दीन आठवतो.

ज्यांना चेहरा नको आहे, त्यांचा आम्ही मान राखतो. पण गोष्ट सांगायला चेहरा लागतोच असे कुणी सांगितले? मूससाहेबांनी टेबलावरच्या निर्जीव वस्तूंतून गोष्टी सांगितल्या. मग आपल्याकडे वस्तू कमी आहेत का? पिंजाऱ्याची धनुकली आहे, मणियाराचा बांगड्यांचा लाकडी दांडा आहे, बागवानाची हातगाडी आहे, शिंप्याची पायमशीन आहे, आजीचे पानदान आहे. विटाभट्टीवर काम करणाऱ्याचे हात आहेत. धनुकली तर आता बघताबघता दिसेनाशी झाली. मशीनवर कापूस पिंजला जातो आणि धनुकली माळ्यावर पडून आहे. तिचा फोटो काढायला कुठला फतवा आड येतो?

१९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. तेव्हापासून आपल्या लोकांनी मराठीत आपली गोष्ट आपल्या तोंडाने सांगायला घेतली. कथा आल्या, कविता आल्या, आत्मकथने आली. मराठी वाचकाला मोहल्ल्याच्या आतले घर दिसू लागले. हे मोठे काम आहे. पण आजचा जमाना वाचण्याआधी पाहतो. आपण लेखणी हातात घेतली आणि कॅमेरा दुसऱ्याच्या हाती राहू दिला. तो आपल्याला वर्षातून दोनदा पाहायला येतो. ईदला पाठीमागून, सजद्यात, टोप्यांच्या रांगा. आणि निवडणुकीला समोरून, बुरख्यातून बाहेर आलेले शाई लावलेले बोट. मधले तीनशे त्रेसष्ट दिवस आपण काय करतो, ते त्याच्या चौकटीत येत नाही. का येईल? आपणच ते कधी चौकटीत ठेवले नाही.

म्हणून आमच्या मागण्या दोन्हीकडे आहेत. छायाचित्रकारांनी आणि संपादकांनी एवढेच करावे. फोटो काढण्याआधी विचारावे, नाव छापावे, माणूस जे काम करत होता ते कापू नये आणि तो 'ही' गाळावा. आपल्या संस्थाचालकांनी चित्रकलेचा तास गणिताच्या जादा तासाला देऊन टाकू नये. शासनाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट रेखाकला परीक्षांना आपली मुले बसवावीत. त्या श्रेणींवर दहावीला सवलतीचे गुण मिळत आले आहेत, ते आपण दरवर्षी सोडून देतो. शाळेची एक भिंत मुलांच्या कामाला द्यावी. प्रत्येक चित्राखाली, फोटोखाली करणाऱ्याचे नाव आणि दोन ओळी असाव्यात, उर्दूत आणि मराठीत. ऱ्हस्व-दीर्घ चुकले तरी चालेल.

आमच्या शाळेत अशी एक भिंत आता आहे. हाजीसाहेबांशी तीन बैठका झाल्या, तेव्हा कुठे ती मिळाली, आणि चेहरे लावायचे नाहीत ही अट आम्ही मान्य केली. ती मुलगी एव्हाना शाळा सोडून धुळ्याच्या कॉलेजात गेली होती. तिला निरोप पाठवला. सुट्टीत आली तेव्हा तिने आठवणीने पेटीची आकृती काढून दिली. खोक्याची लांबी-रुंदी, काचेचा उतार, भोकांच्या जागा. खाली मिरचीच्या वजनाचा तक्ता आणि त्याखाली तिचे पूर्ण नाव, बापाच्या नावासकट. वडिलांची इजाजत आम्ही या वेळी आधी घेतली. ते स्वतः पाहायला आले आणि म्हणाले की काच इतकी तिरकी नव्हती. मुलगी म्हणाली, "अब्बा, तुमने देखी कहाँ थी?"

त्यांनी ती पाहिली नव्हती. आम्ही पाहिली होती आणि जपली नाही. वाचकहो, तुमच्या घरात, शाळेत, मोहल्ल्यात अशी एखादी पेटी आज व्हरांड्यात पडून असेल. पावसाळ्याआधी तिचा फोटो काढा आणि खाली नाव लिहा.